‘आता सोडून काय उपयोग?’



विडी-सिगारेटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?’ पन्नाशी उलटलेला माणूस हे म्हणतो, घरचे मान डोलावतात, आणि पुष्कळदा तपासणारा डॉक्टरही पुढे काही बोलत नाही. जोडीला ‘जित्याची खोड’ ही म्हण असतेच, आणि विषय तिथे मिटतो. धूम्रपान चांगले आहे असे आज कोणी म्हणत नाही. २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा आणि त्यात आजाराचे भयानक चित्र असते. ते पाहूनही माणूस काडी ओढतो, याचे कारण अज्ञान नव्हे. व्हायचे ते नुकसान होऊन गेले आहे, अशी त्याची समजूत झालेली असते. भीती त्याला पुरेशी दाखवून झाली आहे. सोडल्यावर हाती काय लागते याचा हिशेब मात्र त्याच्यापुढे कोणी नीट मांडलेला नाही. तो हिशेब मांडावा आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तर द्यावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढत होते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी कारण शोधायला घेतले, तेव्हा डॉल यांचा संशय डांबरी रस्त्यांवर आणि मोटारींच्या धुरावर होता. रुग्णालयांतल्या रुग्णांना प्रश्न विचारता विचारता बोट सिगारेटकडे वळले, आणि स्वतः सिगारेट ओढणाऱ्या डॉल यांनी ती सोडली. १९५० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण रुग्णांना मागचे आठवायला सांगून केलेल्या अभ्यासावर सर्वांचा विश्वास बसेना. म्हणून १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे पाठवली: तुम्ही ओढता का, किती ओढता, कधी सोडली? सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उत्तर दिले. त्यांपैकी साडेचौतीस हजार पुरुषांचा माग पुढे पन्नास वर्षे ठेवला गेला. दर काही वर्षांनी पुन्हा विचारायचे, आणि कोण कधी, कशाने गेला याची नोंद करायची, एवढेच काम. पन्नास वर्षांचा अहवाल २००४ मध्ये आला तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. एका प्रश्नाच्या पाठीशी अर्धे शतक उभे राहिलेल्या या चिकाटीचे मोल आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्या अहवालातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली बऱ्याच जणांनी ऐकलेली असते: जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी कमी होते, आणि ओढत राहणाऱ्यांपैकी निदान निम्मे या सवयीनेच जातात. दुसरी गोष्ट माझ्या मते पहिलीहून महत्त्वाची आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्या दहांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सगळीच. पुढे ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मोठ्या पाहणीने आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनीही याच्याशी जुळणारेच आकडे दिले. चाळिशीच्या आत सोडणाऱ्या स्त्रियांचा धूम्रपानामुळे वाढलेला मृत्यूचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक टळला. विसाव्या वर्षी सुरू करून चाळिसाव्या वर्षी सोडणारा माणूस म्हणतो, ‘वीस वर्षं गेली.’ आकडे सांगतात की गेलेले फार थोडे आहे, जायचे बहुतेक सगळे पुढे होते.

हे असे का होते? नुकसान ओढलेल्या धुराच्या प्रमाणात सरळ वाढत असते, तर निम्मी वर्षे ओढणाऱ्याचे निम्मे नुकसान पक्के झाले असते. पण फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. डॉल आणि त्यांचे सहकारी रिचर्ड पीटो यांनी दाखवले की रोज किती ओढली यापेक्षा किती वर्षे ओढली याचा परिणाम कितीतरी मोठा असतो: वर्षांच्या चौथ्या-पाचव्या घाताने धोका चढतो. ओढण्याची वर्षे दुप्पट झाली की धोका दुपटीवर थांबत नाही, तो सोळापट किंवा त्याहूनही वर जातो. सावकाराचे व्याज शेवटच्या वर्षांतच माणसाला बुडवते, तसेच हे. ब्रिटनमधल्या पुरुषांचे पंचाहत्तराव्या वर्षापर्यंतचे हिशेब पाहा. ओढतच राहणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सोळा जण फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. साठाव्या वर्षी सोडली तर दहा, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी तीन, आणि तिसाव्या वर्षी सोडली तर दोनाहूनही कमी. सोडल्याबरोबर धोका शून्यावर येत नाही, हे खरेच. तो त्या क्षणी जिथे असतो तिथे बहुतांशी थबकतो, आणि पुढची उभी चढण टळते. अलीकडे, २०२० मध्ये, श्वासनलिकेच्या अस्तरातल्या एकेका पेशीची जनुकीय तपासणी झाली. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत तंबाखूने केलेले हजारो बदल सापडले. पण ज्यांनी सोडली होती त्यांच्या अस्तरात जवळजवळ निरोगी दिसणाऱ्या पेशींचे प्रमाण ओढणाऱ्यांच्या चौपट होते. तपासलेली माणसे सोळाच होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी कुठेतरी जपून राहिलेल्या चांगल्या पेशी जागा परत घेत असाव्यात, ही शक्यता पन्नास वर्षांच्या आकड्यांशी जुळते.

प्रत्येक अवयवाचे घड्याळ मात्र निराळे. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात निम्म्यावर येतो, कारण तिथे रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती आणि रक्तवाहिन्यांचे आकसणे यांचा वाटा मोठा असतो आणि ते लवकर निवळते. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर यायला दहाएक वर्षे लागतात. धाप लागण्याच्या आजाराची, म्हणजे सीओपीडीची, गोष्ट सर्वांत कठीण. १९७७ मध्ये चार्ल्स फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या नोकरदार पुरुषांच्या अभ्यासातून दाखवले की एकदा गेलेली श्वासाची ताकद परत येत नाही. सोडल्यावर ती घटण्याचा वेग मात्र न ओढणाऱ्याइतका मंद होतो. ‘सोडली तरी दम लागतोच की’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. पण ओढत राहिला असता तर पाच-दहा वर्षांनी त्याला खाटेवरून मोरीपर्यंत जाणे जड गेले असते, हे त्याला दिसत नाही. जे टळले ते डोळ्यांना कधीच दिसत नाही, आणि सोडण्याच्या फायद्याची अर्धी अडचण हीच आहे.

यावर कोणी म्हणेल की हे साहेबांच्या देशातले, खाऊनपिऊन सुखी डॉक्टरांचे आकडे. आपल्याकडे विडी ओढतात, ती छोटीशी, पानात गुंडाळलेली, ‘नैसर्गिक’. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच मातीतून मिळाले आहे. विडीत तंबाखू सिगारेटच्या चौथाईइतकीच असते हे खरे. पण तेंदूचे पान कागदासारखे हवा आत घेत नाही आणि विडी सारखी विझू पाहते, म्हणून ओढणारा घाईघाईने, खोल झुरके घेतो. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात कमी जाण्याऐवजी जास्तच जातात. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मुंबईच्या मतदारयाद्या हाती घेऊन सुमारे दीड लाख प्रौढांना घरी जाऊन गाठले आणि काही वर्षांनी कोण हयात आहे ते पाहिले. तंबाखूपासून दूर राहिलेल्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक निघाले, आणि विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी. २००८ मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या सुमारे ७४ हजार मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी कमी झालेले दिसले. दोन अभ्यासांत विडी-सिगारेटचा क्रम उलटा आहे, आणि कोण किती ओढतो, किती वर्षे ओढतो, त्याची सांपत्तिक स्थिती काय, यांवर असे फरक पडतात. विडी निरुपद्रवी असल्याचे मात्र दोन्हींपैकी कुठेही निघाले नाही.

आपल्याकडचा एक धागा तर ब्रिटनच्या आकड्यांत जवळजवळ नाहीच. तो क्षयरोगाचा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि जंतू शरीरात सुप्त असलेली माणसे तर कितीतरी अधिक. धूर फुप्फुसाची राखण मोडतो आणि निजलेला जंतू उठतो. तमिळनाडूतल्या २००३ च्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या चौपट निघाले, आणि तिथल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांत धूम्रपानाचा हात दिसला. क्षयाची औषधे आपण फुकट देतो, आणि ते योग्यच आहे. पण औषधाची पाकिटे मोजून देताना विडीचा कट्टा खिशात तसाच राहू देणे हा अर्धवट उपचार झाला, असे मला ठामपणे वाटते.

‘मी काय, दिवसाला दोन-तीनच,’ हा पुढचा आक्षेप, आणि तो शहरी सुशिक्षितांत जास्त. कर्करोगापुरते कमी ओढल्याने काही कमी होते. हृदयाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या सुमारे निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे. झा यांच्या भारतीय अभ्यासातही दिवसाला सातपर्यंत विड्या ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे पाव पटीने वाढलेला होता, आणि तेवढ्याच सिगारेटींनी तो जवळजवळ दुप्पट झाला होता. कमी करणे ही सोडण्याकडे जाणारी पायरी असेल तर उत्तम. तिथेच मुक्काम करण्यात अर्थ नाही.

आता एक आक्षेप असा, जो विचार करणाऱ्या माणसालाही अडवतो. ‘अमक्याने सोडली आणि सहा महिन्यांत गेला. शरीराला सवय होती, ती मोडली.’ असे घडलेले गावोगाव दाखवता येईल. पण घटनाक्रम नीट पाहायला हवा. आपल्याकडे बहुतेक माणसे आजारी पडल्यावर सोडतात: छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसले, डॉक्टर रागावले. म्हणजे आजार आधी, सोडणे नंतर, आणि मरण त्या आजाराचे. सोडलेल्यांच्या गटात अशी माणसे मिसळली की संशोधनातही सोडण्याचा फायदा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून वर दिलेले आकडे फुगवलेले नसून हात राखूनच दिलेले असण्याचा संभव अधिक. याच्या उलट बाजूनेही शंका येते: सोडणारे मुळातच संयमी, चालणारे-फिरणारे असतील, तर श्रेय सोडण्याचे कशाला? याचे उत्तर चिठ्ठ्या टाकूनच मिळू शकते, आणि तसा प्रयोग अमेरिका-कॅनडात झाला आहे. श्वासनलिका आकसू लागलेल्या सुमारे ५,९०० धूम्रपान करणाऱ्यांना निवडून काहींना दहा आठवडे समुपदेशन आणि निकोटीनचे च्युइंगगम दिले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलेले. पाच वर्षांनी पहिल्या गटात सुमारे बावीस टक्के लोक सुटलेले होते, दुसऱ्यात पाच टक्के. साडेचौदा वर्षांनी मृत्यू मोजले तेव्हा दर हजारी वर्षाला पहिल्या गटात ८.८ आणि दुसऱ्यात १०.४ निघाले. पहिल्या गटातल्या पाचांपैकी चार जण कायमचे सुटले नव्हते, तरी संपूर्ण गटाची मृत्युसंख्या घटली, हे ध्यानात घ्या.

नव्वदीपर्यंत विडी ओढत हिंडलेले आजोबा प्रत्येक गावात एखादे असतात. त्यांचे उदाहरण खरे असते. निम्मे मरतात याचा अर्थच असा, की निम्मे त्या कारणाने मरत नाहीत. प्रश्न इतकाच, की त्यांच्या बरोबरीने तरुणपणी ओढायला लागलेले आज पारावर आजोबांशेजारी का बसलेले नाहीत. त्यांना साक्षीला बोलावता येत नाही.

‘पण टेन्शनचं काय? तेवढाच आधार आहे,’ असे म्हणणाऱ्याकडे मला सहानुभूतीने पाहावेसे वाटते, कारण त्याचा अनुभव खरा असतो, फक्त कारण चुकीचे लावलेले असते. झुरक्याबरोबर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि दोनेक तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची विडी ती बेचैनी शमवते, आणि माणसाला वाटते की जगण्याचा ताण उतरला. उतरला तो बराचसा आधीच्याच विडीने चढवलेला ताण. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत वाईट असतो, बहुतेकांचा त्रास महिनाभरात ओसरतो. २०१४ मध्ये सव्वीस अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा सोडलेल्यांची चिंता आणि उदासी ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेली आढळली. वजन वाढते हेही खरे, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. ते लपवू नये. दहा वर्षांच्या आयुष्यापुढे त्याची किंमत काय, हे प्रत्येकाने आपले ठरवावे.

इथे निर्धाराचा प्रश्न येतो, आणि आपली सगळी व्यसनमुक्ती आजवर निर्धारावर अडकून पडली आहे. ‘मनात आणलं तर सुटते’ हे बोलणे सुटलेल्याला गौरवाचे वाटते आणि न सुटलेल्याला अपमानाचे. कोणाच्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी वर्षाअखेर तीन ते पाचच टिकतात. हा त्या माणसांचा दुबळेपणा मानणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून रुग्णाला दोष देणे. निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी वापरल्याने यशाची शक्यता निम्म्याने वाढते. व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर त्याहून अधिक, आणि सोबत समुपदेशन असेल तर आणखी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे इच्छा निम्म्याहून अधिक लोकांत तयारच आहे. त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. पण टपरीवर सुटी सिगारेट किंवा सुट्या चार विड्या घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. ना ते चित्र दिसते, ना तो क्रमांक. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली ती या कारणासाठी अगदी योग्य होती. ती टपरीटपरीवर पाळली जात नाही, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.

विडी वळणाऱ्या हातांचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी, गोंदिया, आणि सीमेपलीकडची निपाणी: इथे हजारो बायका हजार विड्यांमागे मजुरी घेऊन घर चालवतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या हंगामावर कुटुंबांची वर्षाची बेगमी ठरते. लोकांनी विडी सोडली तर यांचे काय? एक तर ही घट रातोरात होत नाही, तिला दशके लागतात, आणि तेवढा वेळ पर्यायी काम उभे करायला पुरतो, मनात असेल तर. दुसरे असे, की तंबाखूची धूळ दिवसभर श्वासात घेऊन तुटपुंजी मजुरी मिळवणे ही काही जपून ठेवावी अशी उपजीविका नव्हे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती त्यांनी संघटित होऊन मागितली म्हणून. त्याच बायकांना दुसरा रोजगार देणे सरकारला अशक्य आहे, हे मी मानत नाही. एकीच्या चुलीसाठी दुसरीच्या नवऱ्याने खोकत मरावे, ही सौदेबाजी दोघींवरही अन्यायाची आहे.

महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ २०१६-१७ च्या त्या राष्ट्रीय पाहणीत चार टक्क्यांच्या आतच होते. आपला मोठा रोग तंबाखू-चुना, मिश्री आणि गुटख्याचा, आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान हवे. पण सोडण्याविषयीची एक चूक दोन्हीकडे सारखीच आहे. आपल्या बहुतेक मोहिमा शाळांतून चालतात: मुलांकडून शपथ घ्यायची, प्रभातफेरी काढायची. मुलांनी सुरू करू नये हे हवेच. परंतु आज पंधरा वर्षांच्या मुलाने सुरू न केल्याने वाचणारे मृत्यू बहुतेक २०५० नंतरचे असतील, कारण तंबाखू मारते ती मध्यम वयात आणि त्यापुढे. येत्या पंचवीस वर्षांत मरणारी माणसे आज ओढत आहेत. त्यांना वाचवण्याचा मार्ग त्यांनी सोडणे हाच, असे पीटो अनेक वर्षे सांगत आले. ब्रिटनमध्ये मध्यमवयीनांनी मोठ्या संख्येने सोडली आणि १९९० पर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण एरवी झाले असते त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून शपथ घेऊन घरी आलेल्या मुलाच्या बापाकडे आरोग्ययंत्रणेने वळायला हवे.

राहिला तो माणूस, ज्याच्या तोंडी ‘आता सोडून काय उपयोग’ सर्वांत जास्त शोभावे: ज्याला कर्करोग होऊन चुकला आहे. नातेवाईक म्हणतात, राहू द्या, तेवढं तरी सुख मिळू द्या. मॉस्कोमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्यांचा माग ठेवला गेला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. निदान झाल्यानंतर ज्यांनी सोडली ते मध्यकाने ६.६ वर्षे जगले. ज्यांनी ओढणे चालू ठेवले ते ४.८ वर्षे. फरक बावीस महिन्यांचा.